निबंध म्हणजे भाषण नव्हे, आणि पाठांतर तर नव्हेच!

परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या आपल्या मुलामुलींची एक तक्रार आम्हाला आता पाठ झाली आहे. आयईएलटीएसच्या निकालात ऐकण्यात ७, वाचनात ७, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ५.५. बेरीज २६, भागिले ४, एकूण बँड ६.५. विद्यापीठाने मागितलेही ६.५ च असतात. पण त्याच पत्रात खाली आणखी एक ओळ असते: कुठल्याही एका भागात ६ पेक्षा कमी चालणार नाही. झाले! तीन भागांतली सगळी मेहनत एका निबंधापाशी येऊन अडते.

हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक नाराजीपुरता नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. या योजना मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी चळवळीने निवेदने दिली, मोर्चे काढले. पण शिष्यवृत्तीसाठी आधी प्रवेशपत्र लागते, आणि ते पत्र बहुतेक वेळा इंग्रजीच्या गुणांवाचून पक्के होत नाही. म्हणजे लढून मिळवलेल्या दारात आपलाच विद्यार्थी अडीचशे शब्दांच्या निबंधामुळे उभा राहतो. परीक्षेचे शुल्क पंधरा हजार रुपयांच्या वर आहे. ज्या घरात बाप रोजंदारीवर जातो त्या घरात 'पुन्हा एकदा देऊन बघ' हे वाक्य किती जड असते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग हे गुण का अडतात? याचे एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असते: 'आपले शिक्षण मराठी माध्यमातले, आपले इंग्रजी कच्चे.' या उत्तराशी आम्ही सहमत नाही. ज्याला वाचनात आणि ऐकण्यात ७ मिळतात त्याला इंग्रजी येते. खोट असेल तर ती निबंध म्हणजे काय, या आपल्या समजुतीत आहे. ही समजूत आपल्याला शाळेने दिली, नंतर क्लासवाल्यांनी ती पक्की केली आणि थोडी आपल्या स्टेजवरच्या सवयीनेही घट्ट केली. ती बदलता येते, आणि त्यासाठी नवे इंग्रजी शिकण्याइतका वेळ लागत नाही.

गुण नेमके कशाला मिळतात?

आधी परीक्षेची रचना पाहू. लेखनाला ६० मिनिटे असतात. पहिल्या भागात किमान १५० शब्द लिहायचे: ॲकॅडमिक परीक्षेत आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया यांचे वर्णन, आणि जनरल ट्रेनिंगमध्ये पत्र. दुसऱ्या भागात किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचे वजन पहिल्या भागाच्या दुप्पट असते, म्हणून त्याला ४० मिनिटे द्यावीत असे सांगितले जाते.

निबंध तपासताना चार निकष लावतात आणि चारही समान वजनाचे असतात. पहिला, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले का. दुसरा, मांडणीला क्रम आहे का आणि एक मुद्दा दुसऱ्याशी जोडला गेला आहे का. तिसरा, शब्दांची श्रीमंती आणि अचूकता. चौथा, व्याकरणातली विविधता आणि अचूकता. प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे याचा तक्ता परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच सर्वांसाठी खुला ठेवला आहे. हजारो रुपये भरून क्लास लावलेल्या किती जणांनी तो तक्ता एकदा तरी डोळ्यांखालून घातला आहे?

या चारपैकी निम्मे गुण, म्हणजे पहिले दोन निकष, इंग्रजी भाषेचे कमी आणि विचाराचे जास्त आहेत. प्रश्न नीट वाचणे, बाजू घेणे, कारण देणे, एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवणे ही कामे मराठीतही करता येतात आणि मराठीतही चुकतात. आम्ही जे निबंध तपासतो त्यांत खरी गळती इथेच दिसते. विद्यार्थी मात्र रात्रंदिवस अवघड शब्दांच्या याद्या पाठ करत असतो. छत गळते आहे आणि आपण दाराला रंग देत बसलो आहोत!

'शाप की वरदान'चा शाप

आपण सगळे शाळेत 'विज्ञान: शाप की वरदान' लिहून मोठे झालो. सुरुवातीला एक सुविचार, मग चार ओळी वरदानाच्या, चार ओळी शापाच्या आणि शेवटी ठरलेले वाक्य: विज्ञान वाईट नाही, ते वापरणारा माणूस कसा आहे यावर सगळे अवलंबून आहे. या निबंधात लेखकाने कोणतीच बाजू घेतलेली नसते. परीक्षक खूश, विद्यार्थी खूश. कुणालाही दुखवायचे नाही, ठाम काही म्हणायचे नाही, भाषा फुलवायची आणि मोकळे व्हायचे, असे ते शिक्षण होते.

आयईएलटीएसचा प्रश्न याच्या उलट वागतो. तो विचारतो: तुम्ही या मताशी किती प्रमाणात सहमत आहात? किंवा: दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचे मत द्या. किंवा: या समस्येची कारणे कोणती आणि त्यावर उपाय काय? ७ बँडच्या वर्णनात अपेक्षा आहे की लेखकाची भूमिका स्पष्ट दिसली पाहिजे. पहिल्या परिच्छेदात 'सहमत' आणि शेवटच्यात 'पण दुसरी बाजूही तितकीच खरी' असे लिहिणाऱ्याची भूमिका डळमळते. शेवटच्या ओळीपर्यंत मत लपवून ठेवणाऱ्याचेही तेच होते.

म्हणून पहिला नियम: प्रश्नातला प्रत्येक भाग पेन्सिलीने वेगळा करा. संगणकावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर लिहून घ्या. 'कारणे व उपाय' विचारले असताना तीन कारणे आणि अर्धा उपाय लिहिला, तर इंग्रजी कितीही सुंदर असो, उत्तर अपुरेच धरले जाते. 'लहान मुलांवर जाहिरातींचा परिणाम' असा प्रश्न असताना विद्यार्थी जाहिरातींवर सरसकट लिहीत सुटतो आणि मुले कुठेच दिसत नाहीत. ही चूक इंग्रजीची नाही. घाईची आहे, आणि 'मला या विषयावर जे येते ते सगळे ओततो' या सवयीची आहे.

पाठ केलेला साचा

दुसरा रोग क्लासवाल्यांनी दिला. त्यांच्याकडे तयार साचा असतो. सुरुवात 'इन टुडेज मॉडर्न एरा', मधे 'इट इज अ डबल-एज्ड स्वॉर्ड', प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडी 'मोरओव्हर', 'फरदरमोर', 'लास्ट बट नॉट द लीस्ट', आणि शेवटी 'टू रॅप इट अप'. विषय मोबाइलचा असो, तुरुंगाचा असो की जंगलतोडीचा, साचा तोच. विद्यार्थ्याने फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

हा साचा का विकला जातो, ते समजून घ्या. विचार करायला शिकवणे कष्टाचे असते. प्रत्येकाचा निबंध वाचावा लागतो, समासात लिहावे लागते, तोच निबंध पुन्हा लिहून घ्यावा लागतो. साचा मात्र एकदा छापला की हजार जणांना विकता येतो. अगदीच लिहिता न येणाऱ्याला साच्याने थोडा आधार मिळतो, हे आम्ही नाकारत नाही. चार परिच्छेद पडतात, पान भरते. पण तपासनीस दिवसभर निबंधच तपासतो. पाठ केलेली भाषा त्याला पहिल्या ओळीत कळते, आणि ती भाषा विद्यार्थ्याची स्वतःची म्हणून धरली जात नाही. जोडशब्दांचा अतिरेक ५ बँडच्या वर्णनातच दोष म्हणून नोंदवला आहे, आणि जोडणी यांत्रिक वाटणे ६ च्या वर्णनात. म्हणजे ज्या 'फरदरमोर'साठी आपण पैसे मोजले तेच आपल्याला खाली खेचते!

खरी जोडणी शब्दाने होत नाही, विचाराने होते. पहिले वाक्य दावा करते, दुसरे 'का?' याचे उत्तर देते, तिसरे 'उदाहरणार्थ काय?' याचे आणि चौथे 'मग त्याने काय सिद्ध झाले?' याचे. अशी चार वाक्ये एकमेकांचा हात धरून उभी राहिली की मधे 'मोरओव्हर'ची गरज क्वचितच पडते.

यातली सर्वांत वाईट खोड म्हणजे खोटी आकडेवारी. 'हार्वर्डच्या एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के लोक…' असे वाक्य ठोकून द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला यात दोन हरकती आहेत. एक तर त्याने युक्तिवाद पुढे सरकत नाही, कारण त्या ८० टक्क्यांमागे काहीच नसते. दुसरी हरकत नैतिक आहे. ज्या चळवळीने पुराव्याशिवाय पोथीही मानली नाही, तिच्या मुलांनी हार्वर्डचे नाव घेऊन थाप मारावी?

आपले जगणे हाच पुरावा

प्रश्नपत्रिकेतच एक ओळ असते. ती सांगते की आपल्या उत्तराला कारणे द्या आणि स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली समर्पक उदाहरणे द्या. स्वतःच्या अनुभवातली! परीक्षा आपल्याला आपले जगणे मांडायला सांगते आहे आणि आपण हार्वर्डच्या मागे लपतो आहोत. आपला अनुभव लिहिण्याजोगा नाही, 'स्टँडर्ड' नाही, ही भावना कुठून आली याचा विचार समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तरी करावा.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रश्न असा आला: काहींच्या मते विद्यापीठाचे शिक्षण सर्वांना मोफत असावे, तर काहींच्या मते ज्याचा त्याने खर्च उचलावा, दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचे मत द्या.

साच्यातला विद्यार्थी लिहितो: 'शिक्षण हा समाजाचा कणा आहे. प्राचीन काळापासून शिक्षणाला महत्त्व आहे. मोफत शिक्षणाचे अनेक फायदे व तोटे आहेत.' तीन वाक्ये झाली आणि प्रश्नाला हातही लागला नाही.

आता विचार करून लिहिणारी विद्यार्थिनी घ्या. लिहिण्याआधी ती पाच मिनिटे कागदावर चार ओळी मांडते. खर्च ज्याचा त्याने उचलावा म्हणणाऱ्यांचे सर्वांत मजबूत कारण काय? पदवीचा फायदा पदवीधराला होतो, मग न शिकलेल्या मजुराच्या करातून ती का द्यावी? मोफत म्हणणाऱ्यांचे मजबूत कारण काय? फी पाहूनच गरीब मूल अर्ज करत नाही, आणि त्याची हुशारी समाजाला मिळत नाही. माझे मत काय? शिक्षण मोफत असावे, पण नुसती फी माफ करून भागत नाही. उदाहरण काय? माझ्या गावातल्या मैत्रिणीची फी माफ होती, पण शहरात वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि खोलीचे भाडे परवडले नाही, म्हणून तिने पहिल्याच वर्षी कॉलेज सोडले.

हे उदाहरण कुठल्याही कोऱ्या टक्केवारीपेक्षा भारी आहे, कारण ते मुद्दा सिद्ध करते. ज्यांच्यासाठी स्वाधार योजना काढावी लागली ते आपण आहोत. वसतिगृहाची यादी, रखडलेली शिष्यवृत्ती आणि अडवून ठेवलेली गुणपत्रिका म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. फक्त एक काळजी घ्या. तपासनिसाला 'स्वाधार', 'बार्टी', 'फ्रीशिप' हे शब्द माहीत नसतील असे धरून चाला. एका अर्ध्या वाक्यात सांगा: वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाचा खर्च देणारी सरकारी योजना. आणि उदाहरण दोन वाक्यांत संपवा. ते आत्मचरित्र होऊ देऊ नका.

भाषण आणि निबंध

आता थोडे आपल्या घरातले बोलू. आपल्यातले बरेच तरुण जयंतीच्या मंचावर बोलत मोठे झाले. ही आपली ताकद आहे. चार माणसांसमोर उभे राहून मुद्दा मांडायची भीती आपल्याला नसते, आणि बोलण्याच्या परीक्षेत ती ताकद कामी येते. पण मंचाची भाषा कागदावर आणली की गुण कापले जातात. मंचावर 'सर्व', 'कधीच', 'संपूर्ण समाज' असे शब्द शोभतात. निबंधात तीच सरसकट विधाने ठरतात. मंचावर एकच गोष्ट तीनदा सांगितली की टाळ्या पडतात. कागदावर ती पुनरुक्ती होते. मंचावर विरोधकाची टिंगल चालते. निबंधात विरोधकाचे मत त्याच्या सर्वांत मजबूत रूपात मांडून मगच त्याला उत्तर द्यावे लागते.

याचा धडा घ्यायला लांब जायला नको. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याची रचना पाहा. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते समोर ठेवतात. प्रत्येकीत काय बरोबर आणि काय अपुरे ते सांगतात. मग स्वतःचे म्हणणे मांडतात की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि त्या एका दाव्यापासून ते ढळत नाहीत. दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचे मत द्या, याचा याहून चांगला नमुना कोणता?

त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात दुःखाचे वर्णन आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात युक्तिवाद आहे. वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकाशिवायचे ठरतो, मग आमचा धर्म कोणता? समोरच्याचेच विधान घेऊन ती त्याला शेवटापर्यंत नेते. आणि दाखले देताना हवेत बोलत नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, इतकी नेमकी गोष्ट ती पुढे ठेवते. दावा, कारण, दाखला. आपल्या परंपरेतला निबंध 'शाप की वरदान'चा नाही, तो मुक्ताचा आहे.

मराठीची सावली

उरलेले निम्मे गुण शब्दांचे आणि व्याकरणाचे. इथे मराठी माध्यमाच्या मुलांच्या चुका ठरावीक असतात, आणि चुका ठरावीक असणे ही चांगली बातमी आहे. त्या यादी करून पकडता येतात.

'जरी… तरी' ही आपली जोडी. म्हणून आपण 'ऑल्दो' लिहिल्यावर पुढे 'बट' लिहितोच. इंग्रजीत दोघांपैकी एकच चालतो. 'माझ्या मते'चे 'अकॉर्डिंग टू मी' होते, तिथे 'इन माय ओपिनियन' किंवा सरळ 'आय बिलीव्ह' हवे. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' होते, पण 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस' यांचे अनेकवचन होत नाही. 'वन ऑफ द'च्या पुढे नाम अनेकवचनीच येते: 'वन ऑफ द रीझन्स'. 'पीपल'ला 'इज' नाही, 'आर'. आणि मराठीत 'ए', 'ॲन', 'द' नसल्यामुळे ते एक तर गळतात किंवा मीठ भुरभुरावे तसे सगळीकडे पडतात. स्पेलिंग ब्रिटिश असो वा अमेरिकन, दोन्ही चालते. एकाच निबंधात मिसळू नका, एवढेच.

दुसरी चूक लांब वाक्यांची. मराठीत आपण स्वल्पविराम देत देत वाक्य अर्ध्या पानापर्यंत ओढतो. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती चूक धरली जाते. ७ बँडसाठी बिनचूक वाक्ये वारंवार यावी लागतात. शंभर टक्के बिनचूक असावे अशी अट तिथेही नाही. म्हणून जे वाक्य हमखास येते ते लिहा. अधूनमधून 'इफ', 'व्हाइल', 'विच' लावून एखादे गुंतागुंतीचे वाक्य रचा, आणि ते सांभाळता येत असेल तरच. शब्दांचेही तसेच. 'प्लेथोरा' लिहिण्यापेक्षा 'मेनी' बरोबर जागी लिहिणे केव्हाही चांगले. ज्याची सोबत माहीत नाही असा शब्द परीक्षेत वापरू नका.

पण हा खेळच अन्यायाचा नाही का?

काही कार्यकर्ते मित्र आम्हाला विचारतात: एका परदेशी भाषेच्या परीक्षेने, तीही एवढे शुल्क घेऊन, आमच्या बुद्धीचे मोजमाप का करावे? ही वसाहतवादी चाळणी आहे. तिला शरण जायचे की तिला विरोध करायचा?

या प्रश्नात तथ्य आहे. निकाल फक्त दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणजे शिष्यवृत्ती एक वर्ष हुकली तर कधी कधी पुन्हा शुल्क. शुल्काची भरपाई शिष्यवृत्ती योजनेतून आगाऊ मिळावी, निदान गरीब विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाने हा खर्च उचलावा, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. काही विद्यापीठे पदवीचे माध्यम इंग्रजी असल्याचे पत्र स्वीकारतात. तेही अर्ज करण्याआधी विचारून घ्यावे. पण मागणी मान्य होईपर्यंत यावर्षीच्या मुलीने काय करायचे? तिचा अर्ज डिसेंबरात आहे. शिवाय ही चाळणी उद्या उठली तरी तिथे पोचल्यावर दर आठवड्याला तिला निबंधच लिहायचा आहे. भूमिका घ्या, कारण द्या, विरोधी मताला उत्तर द्या, हेच तिथेही मागतात. ज्याने परीक्षेसाठी साचा पाठ केला तो पहिल्या सत्रात कोसळतो. ज्याने विचार मांडायला शिकून घेतले त्याला ते पुढे शोधनिबंधात, निवेदनात आणि न्यायालयातल्या अर्जातही उपयोगी पडते.

मग करायचे काय?

एकट्याने पाठ करण्यापेक्षा चौघांनी मिळून तपासणे जास्त फळते, हा आमचा अनुभव आहे. त्यासाठी विहाराचा हॉल, वस्तीतली अभ्यासिका किंवा समाजमंदिराचा कोपरा पुरे. रविवारी चार-पाच जण बसा. ४० मिनिटे घड्याळ लावून सगळ्यांनी एकाच प्रश्नावर लिहा. पहिली ५ ते ८ मिनिटे फक्त आराखडा, शेवटची ५ मिनिटे फक्त तपासणी. २७० ते ३०० शब्द पुरेत. मग वह्या बदला आणि चार प्रश्न विचारा. याचे मत एका वाक्यात मला सांगता येते का? प्रश्नातला कोणता भाग सुटला? प्रत्येक परिच्छेदात मुद्दा एकच आहे का? कोणती चूक तीनपेक्षा जास्त वेळा आली? आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या रविवारी नव्या विषयाआधी तोच निबंध पुन्हा लिहा. दहा नवे निबंध एकेकदा लिहिण्यापेक्षा पाच निबंध दोनदा लिहिलेले बरे.

संगणकावर परीक्षा देणार असाल तर टायपिंगचा सराव आजपासून करा. पडद्यावर शब्द मोजून मिळतात, पण स्पेलिंग कुणी सुधारून देत नाही. आणि निबंधाच्या नादात पहिला भाग सोडू नका. त्याचे वजन कमी असले तरी शून्य नाही.

निकाल लागल्यावरही दोन वाटा माहीत असू द्या. गुण चुकीचे वाटले तर परीक्षेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते, आणि गुण वाढले तर तिचे शुल्क परत मिळते. संगणकावर दिलेल्या परीक्षेत एकच भाग पुन्हा देण्याची सोयही आहे, मात्र तो निकाल तुमचे विद्यापीठ स्वीकारते का, ते आधी विचारून घ्या.

शेवटचे आमच्या वरिष्ठ मित्रांसाठी. परदेशात शिकून आलेल्या किंवा तिथेच असलेल्या आपल्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो, शाल देतो, फोटो काढतो. ते व्हावेच. पण पुढच्या गुणगौरव सोहळ्यात त्यांच्याकडून एक शब्द घ्या: महिन्यातून दोन निबंध तपासून देण्याचा. पैसे नकोत, फक्त समासात चार ओळी. लंडनमध्ये किंवा मेलबर्नमध्ये बसून नांदेडच्या, भंडाऱ्याच्या मुलीचा निबंध वाचायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाने एखादीचा ५.५ चा ६.५ होऊ शकतो, आणि तिच्या पंधरा हजारांबरोबर तिचे एक वर्षही वाचते.

ज्या गावात ज्या वस्तीत असे चार जण आहेत त्यांनी येत्या रविवारीच सुरुवात करावी. पहिल्या निबंधासाठी वर दिलेलाच प्रश्न घ्या: विद्यापीठाचे शिक्षण सर्वांना मोफत असावे का? या विषयावर आपल्याइतके सांगण्यासारखे फार थोड्यांकडे असेल. फक्त ते क्रमाने सांगा.

जय भीम!